गोळी, पंप आणि भिंतीवरची बुरशी

तर मंडळी, मला दमा आहे.

हे एवढंसं वाक्य लिहायला पन्नाशी उलटावी लागली. नात्यातल्या निम्म्या लोकांना हे आज इथे वाचूनच कळणार आहे. उरलेल्या निम्म्यांना माहीत होतं, पण त्यांनी ते मला माहीत असल्याचं कधी दाखवलं नाही. आमच्या घराण्याची ही जुनी रीत आहे. आत्या, तुम्ही वाचत असाल तर आधी चहा घ्या, मग पुढे वाचा.

लहानपण चिपळूणला गेलं. जून ते सप्टेंबर घरातली एकही भिंत कोरडी नसायची. कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरी लव यायची, गाद्यांना कुबट वास यायचा, आणि मी रात्री दोन वाजता उशीवर उशी रचून बसलेली असायचे. छातीत मांजर घुरघुरतंय असं आई म्हणायची. मग वाफारा, मग ओव्याची पुरचुंडी, मग डॉक्टरांकडे जाऊन इंजेक्शन. अण्णांनी सलग तीन वर्षं मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादला नेऊन ते जिवंत माशातलं औषधही दिलं. शाकाहारी लोकांना ते गुळातून देतात म्हणे. आम्ही कोकणातले, आम्हाला मासाच. तो घशातून वळवळत खाली गेलेला मला अजून आठवतो. दमा मात्र जागेवरच राहिला.

या सगळ्यात ‘दमा’ हा शब्द घरात कुणी उच्चारायचं नाही. ‘तिची छाती जरा नाजूक आहे’ एवढंच. मुलीची जात, उद्या लग्न व्हायचंय! दाखवण्याच्या कार्यक्रमात मी पोहे आणले तेव्हा आईने फोडणी तासभर आधीच घालून ठेवली होती, ठसक्याने खोकला यायला नको म्हणून. नवऱ्याला लग्नानंतर पाचव्या महिन्यात कळलं. त्याने काही म्हटलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी बेडरूममधली जाजमं उचलून माळ्यावर टाकली. पण सवय लागली ती लागलीच. पंप पर्सच्या आतल्या कप्प्यात, सॅनिटरी पॅडच्या शेजारी. घ्यायचा तर बाथरूममध्ये, नळ सोडून.

आता दुसरा आजार. हा आमच्याकडचा प्रतिष्ठित आजार. अण्णा १९९४ साली ५६व्या वर्षी हार्ट ॲटॅकने गेले. दादाला पंचेचाळिशीतच कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, आणि न्यू जर्सीहून फोन आला की तो हवामानाआधी आपलं एलडीएल सांगतो. भिशीतल्या सगळ्या जणी जेवण झालं की आपापल्या बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या टेबलावर काढतात. कुणाला काही वाटत नाही. उलट ‘तुझी किती मिलिग्रॅमची?’ अशी चर्चा रंगते. त्याच टेबलावर कुणी पंप काढून ओढला तर? मी कधी काढला नव्हता, त्यामुळे काय झालं असतं ते मला माहीत नव्हतं.

जानेवारी २०२३ मध्ये ठाण्यात एका ठिकाणी संपूर्ण तपासणीचं पॅकेज घेतलं. फॉर्मवर आजारांची यादी होती. डायबेटिस नाही, बीपी नाही, थायरॉइड नाही, दमा... तिथेही मी ‘नाही’वरच खूण केली. नेहमीच्या सवयीने, विचारही न करता. रिपोर्टमध्ये एलडीएल १७२. डॉक्टरांनी अण्णांचा इतिहास ऐकला, दादाचा ऐकला, आणि ॲटॉर्व्हास्टॅटिन लिहून दिली. मग विचारलं, आणखी काही त्रास? मी म्हटलं, मधूनच छातीत धडधड होते, हात थरथरतात. डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, “दमा वगैरे नाही ना?” मी म्हटलं, “नाही.”

शेजारच्या खुर्चीतून नवरा म्हणाला, “आहे हो डॉक्टर. लहानपणापासून आहे.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. धडधडीसाठी ते प्रोप्रॅनोलॉल लिहिणार होते. हे बीटा-ब्लॉकर कुळातलं औषध हृदयाचे ठोके शांत करतं, पण ते फक्त हृदयावर काम करून थांबत नाही. श्वासनलिका मोकळ्या ठेवणाऱ्या खटक्यांवरही ते जाऊन बसतं. दमेकऱ्याला त्याने जोरदार ॲटॅक येऊ शकतो, आणि त्या वेळी नेहमीचा आराम देणारा पंपही नीट लागू पडत नाही. आणि गंमत म्हणजे माझी ती धडधड नि थरथर बहुतेक त्या पंपाचीच होती. साल्ब्युटामॉल जास्त घेतलं की ते होतं. मी नळ सोडून दिवसातून चार-पाच वेळा घेत होते.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “ही खूण तुम्हीच दुरुस्त करा.” मी केली. घरी येताना रिक्षात नवरा आणि मी एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

त्यानंतर मी शहाण्यासारखी वागले, निदान काही महिने. छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल असा जोडपंप दिला, सकाळ-संध्याकाळ एकेक दम. हा ‘रोजचा’ पंप. त्यातलं ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड श्वासनलिकांची आतली सूज उतरवतं. निळा पंप नुसता नळी उघडून देतो, सूज तशीच राहते. फक्त निळ्यावर भागवायचं नाही हा नियम दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१९ पासून स्पष्ट लिहिलेला आहे. मी त्याआधीची आणि त्यानंतरचीही चार वर्षं फक्त निळ्यावर काढली होती.

घरी एक स्टीलचा छोटा डबा आहे, आईचा, मुळात सुपारीचा. त्यात मी कोलेस्टेरॉलची गोळी आणि हा नवा पंप एकत्र ठेवला. रात्री जेवण झालं की डबा उघडायचा, गोळी गिळायची, पंप ओढायचा, चूळ भरायची. (चूळ भरायची नाहीतर तोंडात पांढरा थर धरतो, तीही बुरशीच.) पंप विसरायची माझी आयुष्यभराची खोड होती, पण गोळी विसरत नव्हते. अण्णांची भीती होती ना. गोळीच्या पाठोपाठ पंप आपोआप घेतला जायचा. त्याच भीतीने चालायला जाऊ लागले. जुन्या गाद्या बदलल्या.

तीन महिन्यांनी एलडीएल १७२ वरून १०४. गोळी २० मिलिग्रॅमची ४० झाली, तेव्हा ९४. (डोस दुप्पट केला की उतारही दुप्पट होईल असं मला वाटत होतं. तसं नसतं. प्रत्येक दुपटीला साधारण सहा टक्क्यांची भर पडते म्हणे.) आणि श्वास? श्वास इतका सुधारला की २०२३ चा पावसाळा मी उशीवर उशी न रचता काढला. चिपळूण सोडल्यापासून पहिल्यांदा.

इथे दादाची एन्ट्री.

दादा फॉरवर्ड पाठवतो. त्याचे फॉरवर्ड खोटे नसतात, इंजिनियर माणूस आहे, वाचून पाठवतो. पण तो पहिला परिच्छेद वाचून पाठवतो. ऑक्टोबरमध्ये त्याने एक लेख पाठवला, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या दम्यावरही उपयोगी पडू शकतात अशा अर्थाचा, आणि खाली लिहिलं, “एका दगडात दोन पक्षी! तुझं तेच झालंय बघ.”

मी तो लेख आणि मग आणखी चार लेख वाचले. कल्पना खरंच सुंदर आहे. आपलं यकृत कोलेस्टेरॉल बनवतं, त्या कारखान्यात ‘एचएमजी-कोए रिडक्टेज’ नावाचं एक विकर आहे, गोळी त्याला अडवते. घरचं उत्पादन घटलं की यकृत रक्तातलं एलडीएल जास्त खेचून घेतं. पण त्याच कारखान्याच्या वाटेवर इतरही फाटे आहेत. तिथे तयार होणारे काही तुकडे पेशींमधल्या प्रथिनांना शेपटीसारखे जोडले जातात, आणि त्यातली काही प्रथिनं सूज-दाह यांच्या निरोपानिरोपीत भाग घेतात. मुख्य वाट अडवली की फाटेही कोरडे पडणार. मग दाहही कमी होईल का? दमा तर मुळात दाहाचाच आजार. उंदरांमध्ये दम्यासारखी अवस्था निर्माण करून स्टॅटिन दिलं तर फुप्फुसातली सूज कमी झाली, असे प्रयोग खरोखर झालेले आहेत. दम्याचे जे रुग्ण कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेत होते त्यांच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या, तर काही ठिकाणी त्यांना ॲटॅक कमी आलेले दिसले.

आणि माझं स्वतःचं उदाहरण समोरच होतं! गोळी सुरू झाली, दमा गेला. आणखी काय पुरावा हवा?

दिवाळी २०२३ ला मी रोजचा पंप बंद केला. डॉक्टरांना विचारलं नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

आता मागे वळून बघताना मला लेखाचा राग येत नाही, दादाचाही नाही. मला हवं होतं तेच मी वाचलं. गोळी म्हणजे सगळ्यांसमोर गिळता येणारं औषध, आणि मला दम्यावर तसलं औषध हवं होतं. चाळीस वर्षं मी त्याचीच वाट बघत होते. मासा काय, गुळातलं औषध काय, ॲटॉर्व्हास्टॅटिन काय.

दमा एकदम परत येत नाही. आधी चालण्याचा वेग कमी होतो, मग जिन्याऐवजी लिफ्ट, मग हसताना खोकला. फेब्रुवारीत निळा पंप पुन्हा पर्समध्ये आला. मे महिन्यापर्यंत मी २०० दमांचे तीन डबे संपवले होते. वर्षाला तीन किंवा जास्त निळे डबे लागले तर मोठ्या ॲटॅकचा धोका वाढलेला समजतात, हे मला नंतर कळलं. माझं वर्ष पाच महिन्यांतच भरलं होतं.

मेअखेरीस कफ हिरवट झाला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले, क्लॅरिथ्रोमायसिन मिळालं. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का, हे तिथे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. न सांगण्याची माझी तालीम पक्की. चौथ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की जणू विहिरीवरून वीस कळशा पाणी वाहिलंय. कमोडवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागला. मी काय निष्कर्ष काढला? स्टॅटिनने स्नायू खराब होतात ते हेच. म्हणून तीही गोळी बंद. म्हणजे आता डबा पूर्ण रिकामा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. आमच्या बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला आधीच ओल होती, तिचे पोपडे सुटून खाली हिरवट-काळे ठिपके उमटले होते. त्या रात्री तीन वाजता मी नवऱ्याला उठवलं. बोलता येत नव्हतं, एका श्वासात एक शब्द. “चल,” एवढंच म्हणू शकले.

पुढचं फार सांगत नाही. ऑक्सिजन ८९. फुंकायच्या त्या नळीवर, पीक फ्लो मीटरवर, माझा चांगला आकडा ३८०. त्या रात्री १५० भरला. नेब्युलायझर एकामागून एक, शिरेतून स्टिरॉइड, हातापायांना कंप. दुसऱ्या दिवशी साखर २३०, तीही स्टिरॉइडमुळे. आत्या, तुम्हाला तेव्हा ‘व्हायरल ताप आहे’ असं सांगितलं होतं. तो ताप नव्हता.

तिसऱ्या दिवशी छातीच्या डॉक्टर आल्या. तिशीतली मुलगी, मला ‘काकू’ म्हणते. एरवी मला ते लागलं असतं, पण ऑक्सिजनच्या नळ्या नाकात असताना माणूस भांडत नाही. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, “काकू, आता मला सगळं सांगा. सगळं म्हणजे सगळं.”

मी सांगितलं. फॉर्मपासून विहिरीच्या कळशांपर्यंत. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग तिने एकेक गाठ सोडवली.

मांड्यांचं आधी. क्लॅरिथ्रोमायसिन हे यकृतातल्या ज्या विकराचं काम बंद पाडतं, तेच विकर ॲटॉर्व्हास्टॅटिनचा निचरा करतं. निचरा थांबला की रोजच्या चाळीस मिलिग्रॅमचा साठा रक्तात चढत जातो आणि स्नायूंना त्रास होऊ शकतो, क्वचित गंभीरही. म्हणून असं अँटिबायोटिक लागलंच तर तेवढे दिवस ही गोळी थांबवतात, नाहीतर दुसरं अँटिबायोटिक निवडतात. सिमव्हास्टॅटिनच्या बाबतीत तर दोन्ही एकत्र द्यायचीच नाहीत असा नियम आहे. रोसुव्हास्टॅटिनचा निचऱ्याचा मार्ग वेगळा असल्यामुळे तिथे हा घोळ नाही. दमेकऱ्यांना छातीच्या संसर्गासाठी अँटिबायोटिक नेहमी लिहिली जातात, त्यामुळे ही जोडी जुळून यायची शक्यता आमच्यासारख्यांच्या बाबतीत जास्त. माझ्या रक्तातलं स्नायूंचं विकर तपासलं, थोडंच वाढलं होतं. पंधरा दिवसांत उतरलं.

मग ती म्हणाली, “आणि गोळीने दमा बरा झाला हे कशावरून?”

मी माझी तारीखवार साक्ष दिली. जानेवारीत गोळी, पावसाळ्यात आराम.

“जानेवारीत आणखी काय काय सुरू झालं?”

मी गप्प. जोडपंप सुरू झाला होता. नुसता सुरू नाही, आयुष्यात पहिल्यांदा नऊ महिने रोज, एकही दिवस न चुकता घेतला गेला होता, कारण तो गोळीच्या डब्यात होता. गाद्या बदलल्या होत्या. चालणं सुरू झालं होतं. आणि या सगळ्यांतून मी श्रेय दिलं ते एकटीलाच, जिला सगळ्यांसमोर गिळता येतं तिला!

ती म्हणाली, त्या जुन्या नोंदींच्या अभ्यासातही हीच अडचण असते. कोलेस्टेरॉलची गोळी वर्षानुवर्षं नेमाने घेणारा माणूस बहुधा बाकीची औषधंही नेमाने घेतो, तपासण्या करतो, सिगारेट सोडतो. त्याला ॲटॅक कमी आले ते गोळीने की स्वभावाने, हे नोंदी चाळून कळत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखी माणसं वाटून, निम्म्यांना खरी नि निम्म्यांना खोटी गोळी देऊन बघावं लागतं.

तसं बघितलेलं आहे. घरी आल्यावर मी स्वतः शोधून वाचलं, आणि या वेळी शेवटच्या परिच्छेदापर्यंत. २००८ साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी दम्याच्या ५४ प्रौढ रुग्णांना आठ आठवडे ॲटॉर्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम (माझाच डोस!) आणि तेवढेच आठवडे खोटी गोळी असं आळीपाळीने देऊन पाहिलं. थुंकीतल्या काही पेशी कमी झाल्या, म्हणजे आत काहीतरी हललं होतं. पण फुंकायच्या नळीवरचा सकाळचा आकडा जिथल्या तिथे. दम्याच्या शेजारच्या आजारात, म्हणजे सिगारेटने होणाऱ्या सीओपीडीमध्ये, २०१४ साली ८८५ लोकांवर सिमव्हास्टॅटिनची मोठी चाचणी झाली. ॲटॅकच्या संख्येत फरक पडला नाही. आणि २०२० मध्ये कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे जे जगभरच्या चाचण्या गोळा करून चाळणीतून काढतात त्यांनी, ‘दम्यासाठी स्टॅटिन’ हा प्रश्न घेतला. त्यांच्या चाळणीतून एकच चाचणी खाली आली, ६० माणसांची. एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही असं त्यांनी स्वच्छ लिहिलंय. उपयोग नाहीच असं सिद्ध झालं, असंही नाही. पण म्हणून पंप बंद करावा असं तर त्यात कुठेही नव्हतं. दादाच्या पहिल्या लेखातही नव्हतं, मी पुन्हा तपासलं. तेवढं वाक्य मी स्वतःच्या पदरचं घातलं होतं.

मुलीने, म्हणजे डॉक्टरने, आणखी एक हिशेब मांडला तो माझ्या डोक्यातून जात नाही. ‘रोज स्टिरॉइड नको’ म्हणून मी पंप टाळत होते. त्या पंपातून मला दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम मिळत होतं. आणि आता घरी जाताना तिने लिहिलेली प्रेडनिसोलोनची गोळी रोज ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. “दोन्ही औषधं वेगळी आहेत, ताकद वेगळी आहे, तेव्हा आकड्याला आकडा लावू नका. पण पंपातलं थेट श्वासनलिकेत जातं, गोळीतलं अंगभर फिरतं, हे लक्षात ठेवा.” अंगभर फिरलेलं ते मला लगेच दिसलं. साखर, सुजलेला चेहरा, रात्रभर टक्क डोळे.

आता बुरशीबद्दल, ज्यासाठी मी मुळात लिहायला बसले होते.

हॉस्पिटलात असतानाच दादाचा फॉरवर्ड आला. (बहीण ऑक्सिजनवर आहे हे त्याला माहीत नव्हतं. व्हायरल ताप!) अकिरा एंडो गेले, ५ जून २०२४ ला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी. मला हे नाव माहीत नव्हतं. जपानमधल्या अकिता भागातला शेतकरी घरातला मुलगा, लहानपणापासून बुरश्यांचं वेड, पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगचं चरित्र वाचून भारावलेला. पुढे त्यांना वाटलं, बुरशी स्वतःच्या बचावासाठी दुसऱ्या जंतूंचा कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थांचा कारखाना बंद पाडणारं काहीतरी बनवत असेल का? म्हणून त्यांनी सुमारे सहा हजार प्रकारच्या बुरश्या तपासल्या. १९७३ मध्ये पेनिसिलियम कुळातल्या एका बुरशीत ते सापडलं. उंदरांवर काहीच परिणाम दिसेना, तेव्हा कोंबड्यांवर करून पाहिलं, आणि कोंबड्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. पुढे १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं स्टॅटिन, लोव्हास्टॅटिन, तेही बुरशीतूनच आलं. तिचं नाव ॲस्परजिलस टेरियस. माझी ॲटॉर्व्हास्टॅटिन प्रयोगशाळेत बनवलेली आहे, पण आजी तीच.

त्याच दुपारी माझ्या हातावर टोचून केलेल्या ॲलर्जी तपासणीचा निकाल आला. धूळकिडे थोडे, झुरळं थोडी, आणि सगळ्यात मोठी लाल गांधी कुणाची? ॲस्परजिलस फ्युमिगेटस. म्हणजे टेरियसची सख्खी चुलत बहीण. रक्तातलं आयजीई जास्त आल्यामुळे ही बुरशी फुप्फुसात घर करून बसली नाही ना, याच्याही तपासण्या झाल्या. नव्हती बसलेली. असती तर इट्राकोनॅझोल द्यावं लागलं असतं, आणि तेही काही स्टॅटिनच्या निचऱ्यात आडवं येतं, म्हणजे पुन्हा तोच घोळ.

मी खाटेवर पडून हसायला लागले आणि खोकल्याची उबळ आली. चिपळूणच्या भिंतीवरची, ठाण्याच्या भिंतीवरची, जिने माझी चाळीस वर्षं झोप मोडली ती एक बहीण. आणि अण्णांना वेळेवर मिळाली असती तर कदाचित १९९४ टळलं असतं, अशा औषधाची आई ती दुसरी. लोव्हास्टॅटिन जगात येऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. चिपळूणमध्ये अण्णांचं कोलेस्टेरॉल कुणी तपासलंच नव्हतं. या गोष्टीवर मी त्या दिवशी हसून झाल्यावर बराच वेळ रडले. नर्सला वाटलं धाप लागली म्हणून ती पळत आली.

गोळी महिन्याभराने परत सुरू केली, ॲटॉर्व्हास्टॅटिनच, पण २० ची. पहिले दहा दिवस रोज मांड्या चाचपून बघत होते. दुखतात असं वाटायचंही. डॉक्टरने इंग्लंडमधल्या एका चाचणीची गोष्ट सांगितली. २०२० मधली. त्रासामुळे गोळी सोडलेल्या साठ जणांना चार महिने खऱ्या गोळ्यांच्या बाटल्या, चार महिने खोट्या, आणि चार महिने रिकाम्या बाटल्या दिल्या, आलटून पालटून. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्यातला नव्वद टक्के खोट्या गोळीवरही झाला. त्रास खराच होता, पण तो येत होता गोळी घेण्याच्या धास्तीतून. माझ्या कळशा वेगळ्या, त्यांना कारण होतं. पण जुलैतल्या मांड्या... असो. ऑगस्टपासून दुखायच्या थांबल्या.

पंप आता पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात असतो. भिशीत काढला एकदा. गुलाबजाम चालू होते. मी ओढला, दहा आकडे मोजत दम धरला, उठून चूळ भरून आले. परत येऊन बसले तर समोरची मैत्रीण, वीस वर्षांची ओळख, पर्समध्ये हात घालून काहीतरी चाचपडत होती. तिने अगदी तसाच पंप काढून टेबलावर ठेवला. “माझा संपत आलाय,” ती म्हणाली, “तू कुठून घेतेस?”

दादाला सगळं खरं सांगितलं ते सर्वांत शेवटी. तो फोनवर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “अगं, मला तर वाटलं तुझा चिपळूणलाच बरा झाला होता.” माझ्या धाकट्या भाचीला रात्री खोकला येतो, वहिनी म्हणतात ‘सीझनल’ आहे. मी दादाला म्हटलं, तिला एकदा पीक फ्लोवर फुंकायला लाव. बघतो म्हणाला. वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर त्याला आठवण करा.

आज सकाळचा माझा आकडा ३६०. पश्चिमेची भिंत खरवडून झालीय, बाहेरून वॉटरप्रूफिंगवाला दोनदा येऊन बघून गेलाय आणि त्याने सांगितलेला आकडा माझ्या एलडीएलपेक्षा छातीत जास्त कळ आणणारा आहे. रंगारी गुरुवारी येतो म्हणालाय. रंगाचा वास जाईपर्यंत चार दिवस आम्ही आत्यांकडे साताऱ्याला. आत्या, डबा बरोबर आणतेय, आणि या वेळी पंप तुमच्या दिवाणखान्यात बसूनच घेणार आहे.